फौजेच्या पगारापायी गेलेला मुलूख

वाशिमच्या कापडाचा उल्लेख एका तहात आहे. मार्च १७६९ मध्ये थोरले माधवराव पेशवे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. जानोजींनी पेशव्यांविरुद्ध त्यांचे चुलते राघोबादादा यांची बाजू धरली होती. पेशव्यांनी त्याचे उट्टे काढायला वऱ्हाडात फौजा घातल्या, नागपूर लुटले आणि भोसल्यांना वाटाघाटीला बसवले. वाशिम आणि बाळापूर इथल्या मागांवरचे पाच हजार रुपयांचे कापड भोसल्यांनी दरसाल पेशव्यांना पोचते करावे, असे त्या तहाचे एक कलम होते, अशी नोंद अकोला जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. बाकीची कलमे कापडाइतकी मऊ नव्हती. पाच लाख एक रुपया खंडणी. पेशव्यांच्या परवानगीखेरीज फौज वाढवायची नाही आणि घटवायचीही नाही. बोलावणे आले की चाकरीला हजर व्हायचे. दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज, रोहिले, अयोध्येचा नवाब यांच्याशी परस्पर राजकारण करायचे नाही. बदल्यात, ओरिसावर इंग्रज चालून आले तर पेशवे मदतीला धावतील.

दुबळ्याची फौज आणि त्याचा बाहेरचा पत्रव्यवहार आपल्या मुठीत ठेवायचा, वर त्याला संरक्षणाचे वचन द्यायचे, ही युक्ती साहेबाने समुद्रापलीकडून आणली असे शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेले असते. वेलस्लीची तैनाती फौज अवतरायला १७६९ मध्ये अजून तीस वर्षे होती, आणि तिची निम्मी कलमे या तहात दिसतात. फरक एकच, पण तो जबर होता. माधवरावांनी आपली फौज नागपुरात कायमची बसवून तिचा पगार जानोजींकडून मागितला नाही. वऱ्हाडचे पुढे जे झाले, ते या फरकातून झाले.

वाशिमच्या रयतेला तेव्हा धनी दोन होते. कागदोपत्री सुभा निजामाचा. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिझखानाचा पाडाव करून पहिल्या निजामाने दख्खन आपलीशी केली, ते रणांगण वाशिमच्या पश्चिमेला शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातच आहे. प्रत्यक्षात भोसल्यांचे अंमलदार गावोगाव बसलेले होते आणि वसुलाचा निम्म्याहून अधिक वाटा नागपूरला जात होता. वाशिमचे बालाजी मंदिर याच दिवसांतले. साबाजी भोसल्यांच्या पदरी मोठ्या झालेल्या भवानी काळूने ते १७७९ च्या सुमारास उभारले. दुहेरी अंमलात गावांची ओढाताण व्हायची ती झालीच. पण दोन्ही धन्यांचे पोट याच मातीवर होते. पीक बुडाले तर दोघांचेही बुडे.

१८०३ मध्ये ही घडी मोडली. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात सप्टेंबरात असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, असा भोसल्यांचा एकामागून एक पराभव झाला. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने रघुजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. ईस्ट इंडिया कंपनीने तो स्वतःकडे ठेवला नाही. १८०४ मध्ये आपला दोस्त म्हणून निजामाच्या पदरात टाकला. पन्नास वर्षांनी हेच दान परत मागायला कंपनी दारात उभी राहणार होती. मधल्या पन्नास वर्षांत काय घडले, ते समजून घेतल्याशिवाय हा प्रकार उलगडत नाही.

निजाम अलीने तैनाती फौजेचा करार केला तो सप्टेंबर १७९८ मध्ये. मराठ्यांनी १७९५ साली खर्ड्याला त्याचा धुव्वा उडवला, तेव्हा इंग्रज बाजूला उभे राहून बघत होते. तो धडा घेऊन त्याने आपल्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कवायती पलटणी मोडल्या आणि कंपनीच्या पलटणी हैदराबादेत घेतल्या. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने त्या कायमच्या झाल्या. त्यांच्या खर्चापोटी निजामाने म्हैसूरच्या वाटणीत मिळालेला बल्लारी-कडप्याकडचा मुलूख कंपनीला देऊन टाकला. म्हणजे या फौजेची किंमत एकदाच, जमिनीच्या रूपाने, चुकती झाली. इथवर व्यवहार कडू असला तरी सरळ होता.

गोम होती ती बाराव्या कलमात. युद्ध उभे राहिले तर निजामाने सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडेस्वार कंपनीच्या मदतीला द्यावेत, असे ते कलम. शांततेच्या काळाबद्दल त्यात अक्षर नव्हते. पण निजामाचे सैन्य निकामी आहे, ते सुधारले पाहिजे, असे म्हणत हैदराबादेतले कंपनीचे रेसिडेंट हेन्री रसेल यांनी एक नवी फौज उभी केली. पैसा निजामाचा आणि हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांची. आधी तिला ‘रसेल ब्रिगेड’ म्हणत, पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’. हिंगोली, एलिचपूर, औरंगाबाद, मोमिनाबाद अशी तिची ठाणी. पैनगंगेपलीकडची हिंगोलीची छावणी वाशिमला सर्वांत जवळची. खर्च वर्षाला सुमारे चाळीस लाख रुपये. निजामाचा कारभारी चंदुलाल याने हा खर्च निमूट मान्य केला, कारण त्याची खुर्ची रेसिडेंटच्या मर्जीवर टिकून होती. या फौजेतल्या नेमणुका इंग्रज अधिकाऱ्यांना फार प्रिय होत्या, पगार भरघोस. त्यांच्यात एक थट्टेचे वाक्य रूढ झाले होते: सगळ्यांचे बिल बिचारा ‘निझ्झी’ भरतो.

फौज नुसती बसून नव्हती, हे मात्र मान्य केले पाहिजे. वाशिम-उमरखेडच्या डोंगरपट्ट्यात हटकर नाईकांचा दबदबा होता. त्यांतल्या नौसाजी नाइकाने हिंगोलीच्या पूर्वेला नव्ह्याच्या गढीत निजामाला दाद दिली नाही. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन याच्या हाताखालच्या निजामी पलटणींनी गढीला वेढा घातला, भिंतीला खिंडार पाडून आत घुसले. आतल्या सुमारे पाचशे माणसांपैकी चारशेच्या वर कापली गेली, असे त्या मोहिमेचे इंग्रजी वृत्तान्त सांगतात. नाईक बंडखोर होता की आपल्या वतनासाठी लढणारा, हे ज्याच्या त्याच्या बाजूवर अवलंबून. इतके खरे की त्यानंतर या भागात निजामाच्या अंमलदाराला आव्हान देणारे कोणी उरले नाही.

आणि घात नेमका तिथेच झाला. थॉमस मन्रो यांनी ऑगस्ट १८१७ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जना लिहिलेल्या पत्रात हे दुखणे आधीच ओळखले होते. त्यांचे म्हणणे असे की, या देशात वाईट राजवटीवर दोन उतारे असतात: एक तर दरबारातली उलथापालथ, नाही तर रयतेचे बंड. इंग्रजी फौज राजाच्या पाठीशी उभी राहिली की दोन्ही उतारे बंद होतात. राजाला बाहेरच्या शत्रूची भीती नाही आणि घरच्या रयतेचीही नाही. मग तो चांगले वागेल कशाला? मन्रो काही कंपनीचे शत्रू नव्हते. कंपनीच्या उत्तम मुलकी अधिकाऱ्यांत त्यांची गणना होते, तीन वर्षांनी ते मद्रासचे गव्हर्नर झाले. पण त्यांचे पत्र दप्तरात गेले आणि फौज जागच्या जागी राहिली.

चाळीस लाख आणायचे कुठून? उत्तर सोपे होते: कर्ज. विल्यम पामर हा एका इंग्रज जनरलचा आणि त्याच्या मुसलमान बेगमेचा मुलगा. त्याने हैदराबादेत पेढी काढली. संस्थानिकांना युरोपियनांनी कर्ज देऊ नये, असा कायदा असताना १८१६ मध्ये हेस्टिंग्जनी पामर आणि कंपनीला सवलत दिली. पेढीचा एक भागीदार हेस्टिंग्जच्या मानलेल्या मुलीचा नवरा होता, ही गोष्ट पुढे लंडनमध्ये बरीच चघळली गेली. व्याज सालाला चोवीस-पंचवीस टक्के. तारण म्हणून मुलखाचा वसूल, आणि त्यात वऱ्हाडचा मोठा भाग. १८२० मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने हे गौडबंगाल बाहेर काढले. शेवट असा झाला की ‘उत्तर सरकार’ या मुलखाच्या पेशकशीचे, म्हणजे खंडणीचे, जे सात लाख कंपनी दरसाल निजामाला देणे लागत होती, तो हक्क निजामाने कायमचा सोडला आणि त्याच्या मोबदल्यात कंपनीने पामरचे देणे भागवले. पेढीचे पैसे वसूल झाले; निजामाचे एक उत्पन्न कायमचे गेले.

मेटकाफने आणखी एक प्रयोग केला, आणि या सगळ्या इतिहासात मला तो सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. त्याने जिल्ह्याजिल्ह्यांत इंग्रज देखरेखनीस नेमले. गावांशी काही वर्षांच्या मुदतीचा सारा ठरवून द्यायचा आणि ठरल्यापेक्षा जास्त कोणी उकळत नाही ना हे बघायचे, एवढेच त्यांचे काम. त्याने रयतेला थोडा श्वास घेता आला. पण १८२९ मध्ये नासिरुद्दौला निजामाच्या गादीवर आला आणि त्याची पहिलीच मागणी ही की, हे देखरेखनीस काढा, राज्य माझे आहे. गव्हर्नर जनरल बेंटिंकने ती मान्य केली. दुसऱ्याच्या कारभारात नाक खुपसायचे नाही, हे तत्त्व कंपनीला आठवले ते नेमके रयतेच्या बाबतीत. कंटिन्जंट मात्र काढली नाही. त्या फौजेच्या बाबतीत ते तत्त्व लागू नव्हते.

देखरेख गेल्यावर वऱ्हाडात मक्तेदारी बोकाळली. परगणा जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला द्यायचा, त्याने तो आणखी तुकडे करून दुसऱ्यांना द्यायचा, आणि शेवटच्या मक्तेदाराने पुढच्या वर्षी आपण असू की नाही याची खात्री नसल्याने एका हंगामात जितके ओरबाडता येईल तितके ओरबाडायचे. पूरणमल सावकाराकडे वऱ्हाडचा मोठा भाग होता. १८३९ मध्ये रेसिडेंटच्या दडपणाने त्याला काढून पेस्तनजी आणि कंपनी ही पारशी पेढी आणली गेली. ही माणसे वेगळ्या घडणीची होती. १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेणारे पहिले तेच. शेतकऱ्यांना कापसासाठी त्यांनी आगाऊ रकमा दिल्या, खामगाव आणि इतर ठिकाणी गठाणी बांधायचे दाब बसवले. १८४१ मध्ये चंदुलालने कर्जापोटी त्यांना वऱ्हाडचा वसूल लावून दिला. १८४३ मध्ये चंदुलाल राज्याचे दिवाळे काढून पायउतार झाला आणि त्याच्यानंतरच्या कारभाऱ्यांनी १८४५ मध्ये पेस्तनजींना हाकलले. त्यांनी थेट लंडनपर्यंत दाद मागितली, पण पदरात फारसे पडले नाही. पामरचे देणे फेडायला कंपनी मध्ये पडली होती. पारशी पेढीचे देणे ही तिला खासगी देवघेव वाटली. मध्ये पडायचे की नाही, हे धनको कोण आहे यावर ठरत होते, असा संशय कोणालाही यावा.

चंदुलाल गेल्यावर कंटिन्जंटचा पगार थकू लागला, आणि तो कंपनीच्या खजिन्यातून दिला जाऊ लागला. अर्थात निजामाच्या खाती, आधी बारा टक्के आणि पुढे सहा टक्के व्याजाने. फौज कंपनीने ठरवलेली, खर्च कंपनीने ठरवलेला, कर्ज कंपनीचे, व्याजाचा दर कंपनीचा. निजामाचेही काही येणे होते. सिकंदराबाद आणि जालना छावण्यांतल्या अबकारीचे उत्पन्न कंपनी वर्षानुवर्षे घेत होती. ते आपले आहे, असे त्याचे म्हणणे. त्या रकमा कर्जातून वजा करायला कंपनी तयार नव्हती.

१८४८ मध्ये डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला. जून १८५१ मध्ये त्याने निजामाला जे पत्र पाठवले, त्यात ब्रिटिश सत्ता मनात आणील तर तुमचे नाव-निशाण उरणार नाही, अशा अर्थाची भाषा होती. निजामाने त्या वर्षी घरातले जडजवाहीर गहाण टाकायच्या खटपटी करून सुमारे चाळीस लाख भरले. दोन वर्षांत कर्ज पुन्हा तेवढेच झाले.

डलहौसीची कबुली इथे सांगायलाच हवी, कारण ती शत्रूची नव्हे, त्याचीच आहे. मार्च १८५३ च्या टिपणात त्याने लिहिले की, १८०० च्या तहाच्या बाराव्या कलमाने निजामावर शांततेच्या काळात ही फौज पोसायचे बंधन येते, असे प्रामाणिक माणूस म्हणून मी रेसिडेंटला सांगू शकत नाही. म्हणजे फौजेला तहाचा आधार नाही, हे गव्हर्नर जनरलला मान्य होते. आधार नसलेल्या फौजेच्या कर्जापायी मुलूख मागायला मात्र त्याची हरकत नव्हती.

नवे रेसिडेंट कर्नल जॉन लो यांनी एप्रिल-मे १८५३ मध्ये नासिरुद्दौलाच्या भेटी घेतल्या. लो यांनी कलकत्त्याला पाठवलेल्या वृत्तान्तात निजामाचे बोलणे तपशिलाने आले आहे, आणि ते वाचताना विरोधी वकिलानेच अशिलाची बाजू नोंदवून ठेवल्यासारखे वाटते. निजाम म्हणाला की, राजाला दोन गोष्टी नेहमी लांछनास्पद असतात: पूर्वजांचा मुलूख विनाकारण देऊन टाकणे, आणि इमानाने लढलेले सैनिक मोडून टाकणे. तुम्ही मला एकीकडून मुलूख मागता, दुसरीकडून फौज नको असेल तर मोडा म्हणता. तुम्ही साहेब लोक कधी युरोपात असता, कधी हिंदुस्थानात, कधी शिपाई, कधी व्यापारी. मी इथेच जन्मलो आणि इथेच मरणार, माझ्या मनाला काय वाटते ते तुम्हाला कसे कळावे?

१४ मे रोजी रेसिडेंटचा साहाय्यक कथबर्ट डेव्हिडसन याने दिवाण सिराजुल्मुल्क यांना एक चिठ्ठी धाडली. बोलणी संपल्यातच जमा आहेत, आणि पुण्याहून भाच्याचे पत्र आले आहे की अठ्ठ्याहत्तरावी हायलंडर पलटण आणि शहाऐंशीवी पलटण हैदराबादवर कूच करायला सज्ज राहण्याचा हुकूम आहे. सरकारी धमकी नाही, फक्त भाच्याचे पत्र! २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा पट्टा मिळून सुमारे पन्नास लाख उत्पन्नाचा मुलूख कंटिन्जंटच्या खर्चासाठी कंपनीच्या कारभारात गेला. ‘कायमचा’ हा शब्द घालायचा आग्रह होता; निजाम तिथे अडून बसला आणि तो शब्द गळला. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा. सिराजुल्मुल्क पाच दिवसांनी वारले. त्यांचा चोवीस वर्षांचा पुतण्या दिवाण झाला. तोच पुढचा प्रसिद्ध सालारजंग.

वाशिमला यातले काय दिसले? मक्तेदाराचे प्यादे गेले, कंपनीचा अंमलदार आला. इंग्रजी कागदांत गाव ‘बासिम’ झाले. रोहिल्यांच्या टोळ्या मात्र घाटमाथ्यावर फिरतच होत्या. १८५९ मध्ये अशाच एका टोळीने रिसोड लुटले. कंटिन्जंटची तुकडी पाठलागावर गेली आणि जवळच्या चिचांब्याला चकमक झाली. ज्या फौजेसाठी वऱ्हाड गेले, ती निदान त्या दिवशी वऱ्हाडच्या कामी आली.

त्याच १८५९ च्या डिसेंबरात लंडनच्या एका मासिकात जॉन स्टुअर्ट मिलचा निबंध प्रसिद्ध झाला. दुसऱ्या राष्ट्राच्या कारभारात केव्हा हात घालावा, हाच विषय. मिलने उभे आयुष्य कंपनीच्या लंडन कचेरीत संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार लिहिण्यात काढले होते, त्यामुळे त्याला ही यंत्रणा आतून ठाऊक होती. त्याचा युक्तिवाद मन्रोच्याच निरीक्षणावरून निघतो, पण उलट्या दिशेला जातो. आपल्या फौजेने राजाला प्रजेच्या रागापासून वाचवले, तर त्याच्या जुलमाचे धनी आपणही झालो. म्हणून तो जुलूम संपवणे हे आपले कर्तव्यच आहे. अयोध्येचे खालसाकरण त्याने असे योग्य ठरवले. युक्तिवादात जोर आहे, हे नाकारता येत नाही. पण मग जुलूम संपवायचा दुसराही मार्ग होता: फौज काढून घेणे. तो मार्ग मिलने अयोध्येसाठी सुचवला नाही आणि डलहौसीने हैदराबादसाठी मनावर घेतला नाही. शिवाय वऱ्हाडच्या तहात रयतेच्या हालांचा प्रश्नच नव्हता. तिथे प्रश्न पगाराचा होता.

१८५७ च्या धामधुमीत सालारजंगने हैदराबाद इंग्रजांच्या बाजूला ठेवले. त्याचे बक्षीस २६ डिसेंबर १८६० च्या तहात आले. पन्नास लाखांचे कर्ज माफ, रायचूर आणि धाराशिव परत, वर बंडात जप्त झालेले शोरापूर. वऱ्हाड मात्र विश्वस्त म्हणून इंग्रजांकडेच राहिले. तहात एक अट घातली गेली: वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागायचा नाही. खर्च वजा जाता शिल्लक उरली तर ती त्याला मिळेल, आणि ती किती उरली हे इंग्रज सांगतील. विश्वस्ताने हिशेब द्यायचा नाही, हा कोणत्या कायद्यातला न्यास म्हणायचा? आणखी एक गोष्ट त्याच वर्षीची. १८५३ मध्ये भाच्याच्या पत्राची चिठ्ठी लिहिणारे डेव्हिडसन आता स्वतः रेसिडेंट होते. ऑक्टोबर १८६० मध्ये त्यांनी सरकारला कळवले की, दोन्ही बाजूंची येणी-देणी निःपक्षपातीपणे मांडली असती, तर त्या कर्जावर आपला न्याय्य हक्कच नव्हता.

इंग्रजी कारभाराने वऱ्हाडला काहीच दिले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमीन मोजली गेली, शेतकऱ्याच्या नावावर खाते झाले, सारा तीस वर्षांसाठी ठरला. दर हंगामाला नवा मक्तेदार बघणाऱ्या कुणब्याला हा बदल केवढा वाटला असेल! अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी सुरू झाली, लँकेशरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाला पोचला. रेल्वे त्याच्यामागोमाग आली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावचा फाटा सुरू करायला स्वतः आले. हे सारे घाटाखाली. वाशिम घाटावर, रुळांपासून लांब. तरी बासिम स्वतंत्र जिल्हा झाला. वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके.

मुलूख सुधारला तशी तो परत मिळायची आशा मावळत गेली. सालारजंगने कंटिन्जंटच्या पगाराची हमी म्हणून ठोक रक्कम ठेवायची तयारी दाखवली, नकार. १८७६ मध्ये तो इंग्लंडला गेला, मानसन्मान भरपूर झाले. वऱ्हाडबद्दल उत्तर मिळाले की निजाम अज्ञान आहे, सज्ञान होऊ दे. निजाम सज्ञान झाला तोवर सालारजंग हयात नव्हता.

मग आला १८९९-१९०० चा दुष्काळ. १९०१ च्या शिरगणतीत बासिम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली, दहा वर्षांत सुमारे ११ टक्क्यांची घट. पुढच्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादला आले, निजाम महबूब अलीखानांशी एकांतात बोलले, आणि नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड वर्षाला २५ लाखांच्या कायम भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेले. पन्नास वर्षांपूर्वी गळलेला ‘कायम’ शब्द परत आला. ज्या कंटिन्जंटपायी हे सारे घडले, ती हिंदी सैन्यात विलीन करून टाकण्यात आली. फौज संपली तरी तिच्या खर्चासाठी घेतलेला मुलूख परत गेला नाही. निजामाला ‘जी.सी.बी.’ हा किताब मिळाला. हैदराबादेत त्याचा अर्थ लोक ‘गेव्ह कर्झन बेरार’ असा लावू लागले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि ऑगस्ट १९०५ मध्ये बासिम जिल्हाच मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्यात, पुसद यवतमाळात.

यातून कायद्याची एक गंमत उरली. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात असूनही ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हते. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडचे मतदार आपला प्रतिनिधी निवडत, आणि मग सरकार त्याच माणसाला नामनियुक्त करी, कारण परमुलखातून निवडून येणे कायद्यात बसत नव्हते. १९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अलींनी वऱ्हाड परत मागितले आणि वऱ्हाडवासीयांना स्वराज्याची घटना देऊ केली. वऱ्हाडातले पुढारी खवळले. निजामाकडे जायला ते तयार नव्हते. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उत्तर दिले की, ब्रिटिश सत्तेशी बरोबरीच्या नात्याने वाद घालायचा अधिकार कुठल्याच संस्थानिकाला नाही. १९३६ मध्ये मलमपट्टी म्हणून निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. १९२३ च्या या वादात निजामाची बाजू कायद्याने खरी होती आणि लोकांची बाजू त्याच्या विरुद्ध होती. पेच सोडवायला कोणी लोकांना विचारले नाही. इंग्रजांच्या ताब्याला त्यांचा नकार सोयीचा होता, एवढेच.

१९४७ मध्ये निजामाने वऱ्हाडचा प्रश्न पुन्हा काढला, पण तोवर प्रश्न हैदराबादचाच झाला होता. आता बलाढ्य सत्ता म्हणून समोर भारत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या, १६ तारखेला पॅरिसमध्ये तक्रार चर्चेला आली, १७ ला हैदराबादने शरणागती पत्करली आणि काही दिवसांत निजामाने तक्रार मागे घेतली. ही आमची अंतर्गत बाब आहे, असे भारताचे म्हणणे. निजामाच्या पाठीराख्या रझाकार टोळ्यांचा उच्छाद खरा होता, आणि डलहौसीच्या काळातला गैरकारभारही खरा होता. म्हणून दोन्ही प्रसंग एकाच मापाने मोजण्याचा मोह काहींना होतो. कारवाईनंतर झालेल्या हत्यांचा हिशेब भारत सरकारनेही दशकानुदशके दडवून ठेवला, हे त्या हत्यांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीच्या अहवालाच्या नशिबावरून दिसते. पण १९५२ मध्ये हैदराबादच्या लोकांनी मतदान करून आपले सरकार निवडले. १८५३ नंतर वऱ्हाडच्या रयतेला आपल्या भवितव्यावर तसा कौल कधीच देता आला नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, आणि कनेरगाव नाक्याजवळची पैनगंगा राज्यांची सीमा राहिली नाही. निजामाच्या रेल्वेने पूर्णेहून आणलेले रूळ हिंगोलीलाच संपत होते. ते वाशिम, अकोला आणि पुढे खांडव्यापर्यंत गेले ते स्वातंत्र्यानंतर. जिल्हा परत मिळायला वाशिमला आणखी वाट पाहावी लागली, १ जुलै १९९८ पर्यंत. हिंगोली जिल्हा झाला तो त्याच्या दहा महिन्यांनी.